वाचकांचे प्रश्न: बांधावरचा शिसव

प्रश्न : आमच्या घरी पणजोबांच्या काळचा काळसर शिसवी पलंग आहे. तालुक्याच्या रोपवाटिकेत ‘शिसम’ची रोपे मिळतात. ती लावल्यास तसेच लाकूड मिळेल का, आणि किती वर्षांनी? – एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : आधी रोपाची पाने पाहावीत. आपला पलंग बहुधा सह्याद्रीच्या रानात वाढणाऱ्या काळ्या शिसवाचा, म्हणजे डालबर्जिया लॅटिफोलियाचा असावा. एकोणिसाव्या शतकात मुंबईत घडणारे कोरीव काळे फर्निचर याच लाकडाचे होते. त्याच्या एका पानावर साधारण पाच ते सात पर्णिका असून त्यांचे टोक गोलसर, कधी किंचित खाच पडलेले असते. तीन ते पाच पर्णिका आणि निमुळते टोक दिसले, तर ते झाड उत्तरेकडील नदीकाठचे सिसू, म्हणजे हिंदीतले शीशम होय. तेही लाकूड वाईट नाही, सहारनपूरचे कोरीवकाम त्यावरच चालते, आणि ते वाढतेही भराभर. मात्र त्याचा रंग तपकिरी असतो व शिसवाची जांभळट काळी झाक त्याला येत नाही.

कालावधीबद्दल मात्र आपली निराशा होणार आहे. शिसव अतिशय सावकाश वाढतो आणि मोल असते ते त्याच्या गाभ्याला. भोवतालचे फिकट पिवळसर रसकाष्ठ कीड व वाळवीला सहज बळी पडते. तरुण झाडात हे रसकाष्ठच जास्त असल्यामुळे वीस वर्षांत पैसे देणारे झाड म्हणून कोणी शिसव खपवत असेल, तर त्याच्या नादी लागू नये. ही लागवड नातवंडांसाठी करावी.

ती करणे कठीण नाही. शेंग चपटी व पातळ असून तीत एक ते तीनच बिया असतात, त्यामुळे बिया सोलत न बसता शेंगेचे बीगणिक तुकडे करून रात्रभर थंड पाण्यात भिजवावेत आणि वाफ्यात पेरावेत. वर्षभराच्या रोपांपासून सागासारखी जडी (शेंडा व मुळे छाटून ठेवलेला खुंट) तयार करून ती पावसाच्या सुरुवातीला लावता येते. निचऱ्याची खोल जमीन हवी. पाणी तुंबणाऱ्या खाचरात हे झाड टिकत नाही. लहानपणी त्याला थोडी सावली मानवते, म्हणून संपूर्ण रान शिसवाचे करण्यापेक्षा बांधावर किंवा इतर झाडांच्या सोबतीने ते लावणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात, त्यामुळे जमिनीलाही लाभ होतो. कुर्ग आणि वायनाडच्या कॉफीच्या मळ्यांत शिसव सावलीसाठी राखतात व त्याच्या खोडावर मिरीचे वेल चढवतात. कोकणातल्या बागायतदाराने ही जोडी अवश्य करून पाहावी, कारण लाकूड तयार होईपर्यंत मिरी उत्पन्न देत राहील. मुळांतून फुटवेही येतात. त्यांतले सरळ वाढणारे राखले, तर पुढच्या लागवडीला रोपे शोधावी लागत नाहीत.

प्रश्न : परदेशात गिटारसाठी शिसवाला मोठी किंमत मिळते म्हणतात. शेतकऱ्याला ते लाकूड निर्यात करता येईल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : किंमत मिळते हे खरे. ब्राझीलच्या रोझवूडची निर्यात १९६०च्या दशकाच्या अखेरीस आवळली गेली, तेव्हापासून गिटारची पाठ आणि बाजू यांसाठी भारतीय शिसव जगभर वापरला जाऊ लागला. मात्र २ जानेवारी २०१७ पासून जवळजवळ संपूर्ण डालबर्जिया प्रजाती, म्हणजे शिसव व त्याचे भाऊबंद, सायटीस या धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली असून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागतो. २०१९ साली तयार वाद्यांना सूट मिळाली, ओंडक्यांना नाही. त्यामुळे एकट्या शेतकऱ्याने निर्यातीच्या भानगडीत पडण्यापेक्षा लाकूड देशातच विकावे. झाड लावल्यावर त्याची नोंद सातबाऱ्यावर करून घ्यावी, आणि तोडण्यापूर्वी तोड व वाहतुकीच्या परवानगीबाबत आपल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी विचारणा करावी. झाड स्वतःच्या मालकीचे असल्याचा पुरावा तेव्हा याच नोंदीने देता येतो.