कोलोनचं पोस्टडॉक, जालन्याची नोकरी आणि सात लाखांची एफडी

प्रश्न: माझं वय ३३. कृषी विद्यापीठातून प्लांट मॉलिक्युलर बायोलॉजीत पीएच.डी. करून सव्वाचार वर्षं जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या मार्कर लॅबमध्ये (डीएनएवरच्या खुणा पाहून रोपं निवडायची प्रयोगशाळा) आहे. हातात ७२ हजार येतात. मिस्टर छत्रपती संभाजीनगरला खासगी नोकरीत आहेत, त्यांचे ५५ हजार. फ्लॅटचा हप्ता ३१ हजार, घरखर्च ६० हजार, एफडी सात लाख, मुलगी साडेचार वर्षांची. कोलोनला जीनोम एडिटिंगवर (जनुकांत नेमका बदल करायचं तंत्र) दोन वर्षांचं पोस्टडॉक मिळतंय, १ ऑक्टोबरपासून, तिथल्या सरकारी ई १३ वेतनश्रेणीवर. पुण्यातही रिसर्च असोसिएटची जागा आहे. एफडी मोडून जर्मनीला जावं का? सासूबाई म्हणतात, बरी नोकरी सोडून पुन्हा शिकायला कशाला जायचं?

उत्तर:

ताई, सासूबाईंच्या प्रश्नापासूनच सुरू करतो, कारण तो रास्त आहे. पोस्टडॉक म्हणजे पुन्हा विद्यार्थी होणं नाही, ती पीएच.डी.नंतरची संशोधनाची पगारी नोकरी असते, हे त्यांना सांगा. पण ती मुदतीची नोकरी असते, आणि त्यांची काळजी नेमकी तिथेच आहे.

आधी कोलोनचा हिशेब. तुम्हाला सरकारी वेतनश्रेणीवर, म्हणजे ई १३ वर, करार देतायत असं तुम्ही लिहिलंय. ठोक पगार महिना ५,००० युरोच्या आसपास धरू. त्यातून कर, पेन्शन, आरोग्य विमा, बेकारी विमा कापून एकट्या माणसाच्या हातात साधारण ३,१०० येतात. मिस्टर तिथे राहायला आले आणि त्यांना कमाई नसेल, तर तुमचा करवर्ग बदलतो आणि हेच ३,५०० पर्यंत जातं. मुलीचा बालभत्ता अडीचशे युरोंच्या थोडा वर. सरकारी आरोग्य विम्यात नवरा आणि मूल वेगळा हप्ता न भरता येतात, ही फार मोठी सोय आहे. शिवाय कोलोन ज्या राज्यात आहे, त्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात शाळेआधीच्या शेवटच्या दोन वर्षांची बालवाडीची फी माफ आहे. तुमची मुलगी बरोबर त्या वयात आहे. जेवणाचे पैसे मात्र द्यावे लागतात.

खर्चात हीटिंगसकट भाडं १,४०० धरा. किराणा, प्रवास, वीज, फोन, गरम कपडे आणि दर घरामागे द्यावी लागणारी १८.३६ युरोची प्रसारण फी, सगळं मिळून २,६५० च्या घरात जाईल. उरले अकराशे. मिस्टरांनी नोकरी सोडली तर इथला हप्ता तुमच्यावर येतो. फ्लॅट १२ हजारांनी भाड्याने गेला असं धरलं, तरी वरचे १९ हजार तिकडून पाठवायचे. युरो शंभर रुपये धरला तर महिना ९० हजार शिल्लक.

हा आकडा बघून हुरळून जाऊ नका. तिघांची तिकिटं, घर मांडणं, मध्ये एकदा गावी येणं आणि परतीचा खर्च वजा केला की दोन वर्षांत १४ लाखांच्या आसपास राहतात. इथेच राहिलात तर आजच्या बचतीने, महिना ३६ हजारांनी, साडेआठ लाख होतात. फरक साडेपाच लाखांचा. आता परत आल्यावर दोघांनाही सहा महिने नोकरी नाही असं धरा. घरखर्च आणि हप्ता मिळून महिना ९१ हजार, म्हणजे सहा महिन्यांत साडेपाच लाख. फरक संपला.

तेव्हा पैशांसाठी कोलोनला जाऊ नका. पण पैशांच्या भीतीने थांबूही नका, कारण पारडं जवळजवळ समान आहे. निर्णय व्हायला हवा तो या दोन वर्षांतून तुमच्या हाताला काय येणार यावर. आणि इथे माझं मत जायच्या बाजूने झुकतं.

आपल्याकडे मार्च २०२२ मध्ये केंद्राने, बाहेरचं जनुक न घालता केलेल्या एडिटिंगच्या पिकांना जीएम पिकांच्या कडक नियमांतून मोकळीक दिली. मे २०२५ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने (आयसीएआर) भाताचे दोन एडिटेड वाण जाहीर केले, हैदराबादच्या संस्थेचा डीआरआर धान १०० आणि दिल्लीच्या पुसा संस्थेचा पुसा डीएसटी राइस १. तुमच्या कंपनीसारख्या ठिकाणी मार्कर बघणारी माणसं भरपूर आहेत. पिकाच्या पेशीत एडिटिंग करून त्यातून अख्खं रोप उभं करणारी कमी. म्हणून एकच गोष्ट प्रोफेसरांना स्पष्ट विचारा: काम फक्त अरॅबिडॉप्सिसवर (प्रयोगशाळेत अभ्यासाला वापरतात ती छोटी वनस्पती) आहे की एखाद्या पिकावरही? आणि टिश्यू कल्चर, म्हणजे पेशींपासून रोप वाढवण्याचं काम, माझ्या हाताने होणार की तंत्रज्ञ करणार? उत्तर 'पिकावर आणि तुमच्या हाताने' असेल तर परत आल्यावर बियाणे कंपन्यांशी बोलताना तुमची बाजू भक्कम राहील. प्राध्यापकीचं मनात असेल तर हेही धरा, की आयसरसारख्या केंद्रीय विज्ञान संस्थांत नियमित असिस्टंट प्रोफेसर पदासाठी साधारणपणे पीएच.डी.नंतरचा तीन वर्षांचा अनुभव मागतात. तुमचा कंपनीतला अनुभव त्यात धरतील का, हे जाहिरातीत पाहा. नाहीतर दोन वर्षांचा करार तिसऱ्या वर्षी वाढेल का, हे आत्ताच विचारून ठेवलेलं बरं.

पुण्याचा पर्याय मला पैशांच्या दृष्टीने सगळ्यात कच्चा वाटतो. २०२३ च्या सुधारित दराने रिसर्च असोसिएटला पायरीप्रमाणे ५८, ६१ किंवा ६७ हजार आणि घरभाडे भत्ता मिळतो. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि प्रकल्पाचा निधी रखडला की फेलोशिपही दोन-चार महिने रखडते. ३१ हजारांचा हप्ता असलेल्या घराने दोन बिऱ्हाडं करून हे अंगावर घेऊ नये.

आता एफडी. ती मोडू नका. ते सात लाख तुमचे परतीचे सहा महिने आहेत. तिघं एकदम गेलात तर तिकिटं, व्हिसा, पहिलं भाडं आणि अनामत यातच ते संपतील. जर्मनीत अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी घेता येते, पण ती तीन हप्त्यांत भरण्याचा भाडेकरूला कायद्याने हक्क आहे. पहिला पगारही महिन्याच्या शेवटी होतो. म्हणून तुम्ही आधी जा, संस्थेच्या गेस्ट हाऊसमध्ये किंवा एका खोलीत राहा, आणि मिस्टर व मुलगी तीन-चार महिन्यांनी येऊ दे. तोवर मिस्टरांच्या पगारातून हप्ता सुटेल, घरखर्चाला थोडी भर तुम्ही घाला. सुरुवातीला तीन लाख लागतील, ते शक्यतो दोघांच्या पुढच्या पगारांतून आणि शिल्लक रजेच्या पैशांतून उभे करा. साडेचार वर्षांच्या लेकीपासून एवढे महिने लांब राहणं सोपं नाही, याची मला जाणीव आहे. ते जमणार नसेल तर एफडीतले दोन लाख काढा आणि तिकडे पहिल्या चार महिन्यांत तेवढे परत भरा. त्याहून जास्त नको.

करार सही करण्याआधी एक बोलून घ्या. ई १३ मध्ये अनुभवाच्या पायऱ्या असतात. तुमची सव्वाचार वर्षं त्यात धरली तर महिन्याला काहीशे युरोंचा फरक पडू शकतो. रुजू झाल्यावर हे मागून मिळणं कठीण.

तारखेचंही बघा. नोकरीसाठी देश सोडणारी व्यक्ती त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिली की करासाठी निवासी ठरते. १ एप्रिलपासून मोजलं तर २९ सप्टेंबरला १८२ भरतात. विमान २८ सप्टेंबरला किंवा आधी पकडलंत तर तिकडचा पगार इथल्या विवरणपत्रात येत नाही. ३० तारखेला निघालात तर तो दाखवणं, जर्मन कराची वजावट मागणं, परदेशी खात्याची माहिती देणं, सगळं मागे लागतं. कर फारसा वाढणार नाही, पण डोकेदुखी नक्की.

ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात, तुमचे नऊ महिने कमी पडतात. मूळ पगार ४० हजार धरला तर सुमारे १ लाख १५ हजारांचा प्रश्न आहे. तेवढ्यासाठी ऑफर घालवू नका, पण कंपनीला दोन वर्षांची बिनपगारी रजा मागून बघा. मिळाली तर परतीची नोकरीही शाबूत राहील. पीएफ काढू नका, पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागतो. दोघांचा टर्म इन्शुरन्स नसेल तर जाण्याआधी घ्या. इथली मेडिक्लेम पॉलिसी बंद पडू देऊ नका, नाहीतर परत आल्यावर प्रतीक्षा कालावधी पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. गेल्यावर इथलं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं, इथल्या उत्पन्नासाठीचं) करून घ्या आणि तिकडून येणारे पैसे एनआरई (परदेशातल्या कमाईसाठीच्या) खात्यात ठेवा.

मिस्टरांच्या नोकरीचं पुढे काय करायचं, याबद्दल तुम्ही एक ओळसुद्धा लिहिलेली नाही. तुमच्या प्रकारच्या व्हिसावर त्यांना तिथे काम करायची मुभा असते, पण भाषेशिवाय कोलोनमध्ये लगेच नोकरी मिळेल हे मी हिशेबात धरलेलं नाही. राजीनामा द्यायचा की तेही रजा मागतील, हे दोघांनी बसून ठरवा, आणि त्यांनी आजपासून जर्मनचा वर्ग लावावा. त्यांचं उत्तर 'मी येत नाही' असं असेल तर वरचा हिशेब बदलतो. तेव्हा मला पुन्हा लिहा, मी नवा मांडून देईन.