ऑइल कॅच कॅन बसवल्याने इंजिन खरंच वाचतं का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: गाडी २०१९ ची टर्बो डिझेल, ८२ हजार किलोमीटर झालेत, आणि साताऱ्यातला एक ॲक्सेसरीवाला साडेचार हजारांचा ऑइल कॅच कॅन (इंजिनातून निघणाऱ्या वायूतलं तेल पकडणारा डबा) हातात देऊन म्हणतोय, "हा बसवा, दोन लाख किलोमीटरपर्यंत इंजिन खोलायला नको." बसवावा का?

डबा खोटा नाही, दुकानदाराचं वाक्य खोटं आहे. तुमच्या गाडीला त्याचा थोडा उपयोग होईल, पण तो म्हणतोय त्या कामाला नाही. आणि चुकीचा बसवलात तर धड चाललेल्या इंजिनाला दुखणं लावून घ्याल. मी लावून घेतलं होतं, ते पुढे येईलच.

मी सांगलीचा. कुपवाड एमआयडीसीत लेथचं लहानसं वर्कशॉप आहे. मिस्त्री नाही, पण मिरजेत मावसभावाचं गॅरेज असल्यामुळे रविवार बहुतेक तिकडेच जातो. माझ्या स्वतःच्या डिझेल गाडीला आजवर दोन कॅन लावून झालेत, त्या जोरावर लिहितोय.

आधी हा डबा पकडतो काय ते बघू. पिस्टनच्या रिंगा नव्या कोऱ्या असल्या तरी सिलेंडरमधला थोडा जळका वायू त्यांना चुकवून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या कप्प्यात, उतरतोच. आपल्याकडचे मिस्त्री त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. खाली तेल उडत असतंच, ते ह्या गरम वायूबरोबर धुक्यासारखं तरंगायला लागतं. सोबत पाण्याची वाफ आणि थोडं न जळलेलं इंधन. हा वायू बाहेर काढला नाही तर आत दाब वाढतो आणि तेल सापडेल त्या सीलमधून वाट काढतं. म्हणून ब्रीदर, म्हणजे हा वायू बाहेर सोडणारी नळी. हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा एखादा जुना ट्रॅक्टर जवळून बघा, ब्रीदरचा पाईप खाली लोंबत असतो, त्यातून फसफस धूर आणि मधूनच ऑइलचा थेंब. कुणीतरी त्याला तारेने पाण्याची रिकामी बाटली बांधलेली असते. तो मूळचा कॅच कॅन, फुकटातला. जुन्या कास्ट आयर्न बुलेटला तर अशी डबी कंपनीतूनच यायची. रेसच्या गाड्यांना डबा लागतो तो ट्रॅकवर तेल सांडू नये म्हणून. इंजिनाचं आयुष्य वाढवायची भानगड नंतरच्या विक्रेत्यांची.

मोटारींमध्ये हा वायू पूर्वी सरळ रस्त्यावरच सोडत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात धुरक्याने लोक हैराण झाले, तेव्हा तिथल्या गाड्यांत तो परत इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेत, ओढून जाळायची सोय आली. तीच पीसीव्ही. आज तुमच्या-माझ्या गाडीत तेच चालतं: टॅपेट कव्हरमधून (इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण) निघालेला पाईप टर्बोच्या, म्हणजे हवा दाबून इंजिनात ढकलणाऱ्या पंख्याच्या, आधी हवेच्या नळीला जोडलेला असतो. टॅपेट कव्हरच्या आत तेल वेगळं करणारे आडवे पडदेही असतात, म्हणजे कंपनीने एक कॅच कॅन आधीच दिलेला आहे. त्यातून सुटलेलं थोडं तेल टर्बो, इंटरकूलर (ती दाबलेली हवा गार करणारी जाळी) आणि मॅनिफोल्डमधून (हवा सिलेंडरांना वाटणाऱ्या नळ्या) फिरून शेवटी जळतं. इंटरकूलरची नळी काढल्यावर आत ओशट दिसलं की काही गॅरेजवाले "टर्बो गेला" म्हणून मोकळे होतात. ओशटपणा असणारच. थारोळं असेल तेव्हा काळजी करायची.

आता ह्या तेलाने नुकसान काय, ते इंजिनावर अवलंबून आहे. स्विफ्ट, अर्टिगासारख्या साध्या के-सिरीज पेट्रोलमध्ये इंधन इनटेक वॉल्व्हच्या पाठीवरच फवारलं जातं. वॉल्व्ह रोज धुऊन निघतो. असल्या गाडीला कॅच कॅन म्हणजे डोक्यावर छत्री असताना वरून टोपी. फोक्सवॅगन-स्कोडाचं टीएसआय, ह्युंदाईचं टी-जीडीआय, महिंद्राचं टीजीडीआय ह्यांत मात्र पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये जातं. वॉल्व्हवर बसलेलं तेल तिथेच भाजून कोळसा होतो, आणि पेट्रोलमधलं क्लीनर कितीही भारी असलं तरी ते त्या जागेपर्यंत पोचतच नाही. परदेशात हा कोळसा काढायला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारतात.

डिझेलचं दुखणं ह्याहून चिकट. तिथे इंधन सिलेंडरमध्येच जातं, आणि वर ईजीआर. प्रदूषण कमी करायला सायलेन्सरकडचा थोडा धूर परत इनटेकमध्ये सोडलेला असतो. त्यातली कोरडी काजळी आणि ब्रीदरमधून आलेलं तेल एकत्र आलं की मॅनिफोल्डमध्ये अक्षरशः डांबर तयार होतं. मावसभावाने मागे एका लाखभर चाललेल्या गाडीचा मॅनिफोल्ड उतरवला होता. दोन बोटं सहज जातील अशा भोकातून करंगळी जाईना. स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं तर ओल्या मशेरीसारखे गोळे पडले. कॅच कॅन ह्यातला तेलाचा वाटा कमी करतो. काजळीचा एक कणही नाही, कारण ती दुसऱ्याच वाटेने येते.

डब्याच्या आत काय आहे त्यावर सगळं आहे. स्वयंपाकघरातली चिमणी आठवा: वाफ वाकड्यातिकड्या पत्र्यांमधून जाते, पत्र्याला आपटून तेल सुटतं आणि खालच्या वाटीत उतरतं. ते पत्रे काढून नुसतं नळकांडं ठेवलं तर फोडणीचा वास सरळ बाहेर जाईल, वाटी कोरडी. माझा पहिला ऑनलाइन कॅन नेमका तसाच निघाला. चकचकीत निळं ॲल्युमिनियम, बाजूला तेलाची पातळी दिसणारी नळी, आणि झाकण उघडलं तर आत ठार पोकळ. दोन नळ्या वर शेजारी-शेजारी, एकीतून आलेली हवा दुसरीतून बाहेर. तीन महिन्यांत आत बोटाला लागेल एवढंसुद्धा तेल जमलं नाही.

मग लेथवाल्याची खाज. स्वतःच डबा केला. आत येणारी नळी तळापर्यंत नेली, मध्ये भोकांचा पत्रा, वर विणलेल्या स्टेनलेस जाळीची गुंडाळी. (भांडी घासायची स्टीलची घासणी कोंबू नका. तिचे तुकडे सुटतात आणि पुढे टर्बोचा पंखा आहे.) डबा चांगला झाला. गाढवपणा केला तो पाईपमध्ये. वर्कशॉपमध्ये गवंड्याचा लेव्हल पाईप पडला होता, पारदर्शक. म्हटलं, आतलं दिसेल तरी.

चार दिवस दिसलं. पाचव्या दिवशी पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढाला गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, पुढे ट्रक, बाहेर एप्रिल. घाट संपता संपता जळक्या तेलाचा वास यायला लागला. सुरूरजवळ बाजूला घेऊन बॉनेट उघडलं. पाईप गरम होऊन वळणावर चपटा बसला होता, धुतलेल्या पायमोज्यासारखा. क्रँककेसमधल्या वायूला वाटच नाही. डिपस्टिक दोन बोटं वर आलेली, बॉनेटच्या आतल्या बाजूला तेलाची रांगोळी. डिकीत मूळचा पाईप होता म्हणून घरी पोचलो. पण महिन्याभरात क्रँकचं मागचं सील गळायला लागलं. सील काही शे रुपयांचं, पण त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावी लागते, आणि ती मजुरी काही शे रुपयांत होत नाही. सील आधीपासून थकलं असेलही. निमित्त माझं.

हीच गत तुंबलेल्या कॅनने होते. टर्बोला तेल दाबाने जातं, पण परत येताना ते नुसतं ओघळत संपमध्ये, म्हणजे तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतं. खाली क्रँककेसमध्ये दाब असला की ते उतरत नाही, टर्बोतच तुंबतं आणि सील ओलांडून इनटेकमध्ये किंवा सायलेन्सरमध्ये जातं. मागे निळा धूर. लोक टर्बो बदलतात, आणि दोष भरलेल्या डब्याचा असतो.

दुसऱ्यांदा ऑइलला टिकणारा नायट्राइल होज आणला, नीट क्लिपा मारल्या. तेव्हापासून दर पाच हजारांना डबा रिकामा करतो. उन्हाळ्यात निघतं ते काळं, पातळ, डिझेलचा उग्र वास असलेलं, कटिंग चहाच्या ग्लासात तळाला बोटभर. जुलैत मात्र ग्लास अर्धा भरला, आणि रंग दुधाच्या कॉफीचा. महिनाभर कुपवाड-मिरज असल्या आखूड फेऱ्या आणि एकदा पावसात ठोसेघर, एवढंच झालं होतं. ते बाटलीत भरून खिडकीत ठेवलं. आठवड्याने तळाला गढूळ पाणी आणि वर तेल, अशी फाळणी झाली होती. म्हणजे पावसाळ्यात "बघा किती ऑइल पकडलं" म्हणून जे दाखवतात, त्यातलं बरंचसं पाणी असतं.

ह्यावरून आठवलं. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत ऑइलला दुधाळ रंग दिसला की कुणाच्याही पोटात गोळा येतो. तेव्हा डिपस्टिक काढावी तर तिला चहा लागलेला, अशा गाड्या गॅरेजच्या दारात रांगेने उभ्या होत्या. पण पावसाळ्यात ऑइल भरायच्या झाकणाला आतून पिवळसर मलई दिसते, ती बहुतेक वेळा आखूड फेऱ्यांची असते. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंट कमी होत नसेल, तर गाडी एकदा कराडपर्यंत लांब पळवून आणा, मलई जाते.

चाळीस हजारांनी माझा मॅनिफोल्ड उघडला. काळा होताच, पण थर कोरडा, फडक्याने निघणारा. त्याच इंजिनाची मावसभावाकडे आलेली दुसरी गाडी ओल्या डांबराने माखलेली होती. आता हा पुरावा म्हणाल तर कच्चा आहे. ती गाडी गावात फिरणारी, माझी निम्मी हायवेला. पण मी डबा काढलेला नाही, एवढं खरं.

आणि एवढं करून वाचलं काय? मॅनिफोल्ड साफ करायची एखादी खेप. रिंगा, बेअरिंग, लायनर ह्यांच्या झिजेशी डब्याचा संबंध नाही, तिथे तो पोचतच नाही. आपल्याकडे इंजिनं मरतात ती वेगळ्याच कारणांनी. ऑइल बदलायला "अजून दोन हजार जाऊ दे" करणं. ऊसतोडीच्या दिवसांत शिवाररस्त्यांच्या फुफाट्यात फिरून तोच एअर फिल्टर पंपावर हवा मारून पुन्हा बसवणं. त्या हवेने कागद फाटतो आणि धूळ सरळ रिंगांवर जाते. जत-कवठेमहांकाळकडे बोअरचं क्षारांचं पाणी कूलंट म्हणून ओतणं. नव्या बीएस-६ डिझेलवाल्यांचं आणखी एक: डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ होताना जास्तीचं डिझेल फवारलं जातं, आखूड फेऱ्यांत ते काम अर्धवट राहून डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर पातळी वाढते. त्यालाही कॅन काही करू शकत नाही. तुमची २०१९ ची, बीएस-४, म्हणजे ती कटकट तुम्हाला नसावी.

बसवायचाच ठरला तर दुकानदाराला समोर डबा उघडून दाखवायला सांगा. आत जाळी आणि पडदे नसतील तर नमस्कार करून निघा. बाहेर जाणारा पाईप परत इनटेकलाच जोडायचा. "हवेत सोडू, पिकअप वाढतो" म्हणणारे भेटतील. पिकअप वाढत नाही, प्रदूषणाचा नियम मोडतो आणि एसीतून केबिनमध्ये वास येतो. मूळचा होज कापू देऊ नका, अख्खा काढून ठेवा. वाढीव वॉरंटी चालू असेल तर हा विषयच सोडा.

पण खिशात हात घालण्याआधी एक करा. इंजिन गार असताना ब्रीदरचा पाईप टर्बोकडच्या बाजूने काढून आत बोट फिरवा. नंतर पाईप परत बसवून गाडी चालू करून, आयडलिंगला, ऑइलचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवा. तोंड लांब, तेल उडतं. झाकण थोडं थरथरलं आणि बोटाला नुसता ओशटपणा लागला, तर साडेचार हजारांत ऑइल आणि दोन्ही फिल्टर बदला, काम झालं. झाकण उडून पडत असेल किंवा पाईपमधून तेल ओघळत असेल, तर कॅन लावणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणं. आधी कॉम्प्रेशन तपासून घ्या. जे दिसेल ते खाली लिहा, फोटो टाकलात तर मावसभावालाही दाखवतो.