टर्बोखाली ऑइल दिसतंय, मिस्त्री म्हणतो नवा टाका. टाकू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दहा वर्षांची डिझेल एसयूव्ही, सव्वा लाख किलोमीटर झालेले, टर्बोखाली ऑइल, पिकअप जरा कमी. इंदूरच्या मिस्त्रीने वरवर बघून "भिया, टर्बो गया, नया डलेगा" असं सांगितलं. पुढच्या महिन्यात धुळ्यावरून पुण्याला लग्नाला जायचंय.

इतक्यात टाकू नका. मी पीथमपूरला डिझेल इंजिनांच्याच कामात आहे. नवा टर्बो बसवला आणि काही दिवसांत तोही गळायला लागला, म्हणून डोक्याला हात लावून बसलेली माणसं बरीच पाहिलीत. बहुतेक वेळा टर्बोत आलेल्या ऑइलला खाली उतरायला वाटच मिळत नसते. ते कारण तसंच राहिलं तर नव्या टर्बोचंही तेच होणार.

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. त्याच्या शाफ्टला, म्हणजे मधल्या दांड्याला, रबरी सील नसतो. दोन्ही टोकांना पिस्टन रिंगसारख्या बारीक धातूच्या रिंगा असतात. शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि एका टोकाला तापलेला एक्झॉस्ट, तिथे रबर टिकणार कसं? बाहेरच्या बाजूने हवेचा आणि एक्झॉस्टचा दाब असतो, त्याच्या जोरावर या रिंगा ऑइल अडवतात. ऑइल येतं बारीक फीड पाइपने, पंपाच्या दाबाखाली. बेअरिंगमधून जाताना त्याचा फेस होतो आणि तो जाड रिटर्न पाइपने फक्त आपल्या वजनाने चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या भांड्यात, उतरतो. हे उतरणं अडलं की आतली पोकळी भरते आणि ऑइल मिळेल त्या टोकाने निसटतं.

पण त्याआधी गळती खरंच टर्बोची आहे का ते बघा. रॉकर कव्हरचं (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं) गॅस्केट किंवा फीड पाइपचा जोड पाझरला तरी ऑइल ओघळून टर्बोवरच येतं, आणि चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे पसरतं. इंजिन थंड असताना तो भाग डिग्रीझरने धुऊन कोरडा करा, वरून टाल्कम पावडर भुरभुरवा आणि राऊपर्यंत एक फेरी मारून या. पांढऱ्या पावडरीवर ओघळ कुठून सुरू झालाय ते स्पष्ट दिसतं. सर्वांत वरचा ओला ठिपका शोधायचा, खालचे सगळे फसवे. गळती फीड पाइपच्या जोडाचीच निघाली तर तांब्याचे वॉशर बदलून काम संपलं.

आता रिटर्न पाइप. एका गाडीचा पाइप माझ्यासमोर उघडला, तेव्हा जिथे अंगठा जायला हवा तिथे पेनाची रिफिल जेमतेम जाईल एवढं भोक उरलं होतं. बाकी सगळा कडक झालेला कार्बन. वरच्या फ्लँजला आधी कोणीतरी लाल सिलिकॉन सढळ हाताने फासलेलं, दाबलं गेल्यावर त्यातलं निम्मं आत लोंबत होतं. पाइप साफ केला, साधं गॅस्केट बसवलं, तोच जुना टर्बो गपगुमान चालू लागला. त्यामुळे मिस्त्रीला आधीच बजावून ठेवा: रिटर्नच्या जोडाला पेस्ट लावायची नाही. शिवाय डिपस्टिक बघा. सर्व्हिसला ऑइल कमाल खुणेच्या वर भरलेलं असेल तरी उतरणं अडतं.

दुसरं कारण बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या बाजूने खाली चेंबरमध्ये येणं. गाडी आयडलला ठेवा आणि ऑइल भरायचं झाकण उघडून तोंडावर उलटं ठेवा. जरासं थरथरलं तर ठीक. उडायला लागलं, धूर जोरात येत असला, तर आधी ब्रीदर, म्हणजे चेंबरमधली वाफ बाहेर नेणारी नळी, तुंबलाय का बघा. ब्रीदर साफ असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, तो आजार इंजिनाचा. चेंबरमध्येच दाब असेल तर वरून ऑइल उतरणार कसं?

तिसरं, एअर फिल्टर. आपल्या माळव्यात गव्हाची मळणी सुरू झाली की रस्त्याकडेची धूळ आणि भुसा फिल्टर भराभर भरून टाकतात. फिल्टर तुंबला की कॉम्प्रेसरच्या (टर्बोच्या हवा ओढणाऱ्या बाजूच्या) तोंडाशी ओढ तयार होते आणि ऑइल तिकडे खेचलं जातं. हे तर घरीच बघता येतं.

टर्बोतून येणारी हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होजमध्ये बोट घातलं आणि बोट तेलकट झालं, तर घाबरू नका. ब्रीदरची वाफ तिथूनच जाते, पातळ थर असतोच. ऑइल साचलेलं असेल तर मात्र काळजी. पिकअप कमी आणि धूर काळा असेल तर कुठला तरी होज फाटलाय असं धरा. जोडाशी ऑइल आणि धुळीचा काळा चिखल दिसेल तिथेच शोधा. होजच्या चिरा हाताने वाकवल्याशिवाय दिसत नाहीत.

धूर निळा असेल तर टर्बोच्या पुढचा एक्झॉस्ट पाइप सोडून बघायला सांगा. टर्बोतून बाहेर पडणारं तोंड ओलं आणि त्याच्या आधीचा मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर टर्बोकडे आणणारा भाग) कोरडा, तर ऑइल टर्बोचं. मॅनिफोल्डही ओला, तर इंजिनातूनच येतंय आणि नवा टर्बो म्हणजे पैसे पाण्यात.

हे सगळं झाल्यावर शाफ्ट हलवून बघायचा, थंड इंजिनावर. आडवा किंचित हलतो, तो हलायलाच हवा, बेअरिंग ऑइलवर तरंगणारं असतं. आतबाहेर हलल्याचं हाताला जाणवलं, किंवा पंख्याची पाती केसिंगला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर टर्बो खरोखर गेला. मग कोर (शाफ्ट-बेअरिंगचा मधला भाग) बदलायचा की पूर्ण टर्बो, ते दुकानदाराकडे बॅलन्सिंग मशीन आहे का यावर ठरवा. मशीन नसलेल्याकडून रिकंडिशन करून घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

बसवताना फीड पाइप नवाच घ्या, ऑइल आणि फिल्टर बदला, इंटरकूलर धुऊन काढा. टर्बोच्या भोकात ताजं ऑइल ओतून शाफ्ट हाताने फिरवायचा, चालू केल्यावर काही मिनिटं आयडललाच ठेवायची. लगेच रेस देणाऱ्या मिस्त्रीचा हात धरा. सायलेन्सरमध्ये जुनं ऑइल जळेपर्यंत थोडा धूर येतो, तो बघून पुन्हा उघडायला लावू नका.

लग्नाचं म्हणाल तर नुसतं पाझरत असेल आणि शाफ्ट घट्ट असेल, तर फिल्टर आणि रिटर्न पाइप साफ करून जा, त्याच ग्रेडचं एक लिटर ऑइल सोबत ठेवा आणि धुळ्याला गाडी थंड झाल्यावर डिपस्टिक बघा. निळा धूर असेल तर मात्र सेंधव्याच्या पुढचा बिजासन घाट या गाडीने करू नका. डिझेल इंजिन टर्बोतून आलेलं स्वतःचंच ऑइल जाळत सुटलं की किल्ली बंद करूनही थांबत नाही, रेस आपोआप वाढत जाते. गिअरची गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाकायचा, क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं, आणि सगळ्यांनी गाडीपासून लांब व्हायचं. ती वेळ येऊ देण्यापेक्षा पुण्याची रेल्वे परवडली, तिकीट आत्ताच काढून ठेवा.