रिपोर्टमधली जनुकं आणि 'किती दिवस?'चं उत्तर

अंडाशयाच्या कॅन्सरच्या पेशंटचे नातेवाईक हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. "मॅडम, रिपोर्टमध्ये अमुक जनुक पॉझिटिव्ह आलंय. नेटवर वाचलं, हे जास्त असलं की वाईट असतं. मग आता किती दिवस?" विचारणारा बहुतेक वेळा शिकलेला असतो, रात्र-रात्र जागून वाचत बसलेला असतो. त्याला नुसतं "नेटवर वाचू नका" म्हणून वाटेला लावणं मला पटत नाही. त्याने वाचलेलं खोटं नसतं. ते त्याच्या आईबद्दल किती सांगतं, एवढाच प्रश्न असतो.

अमोलची गोष्ट त्यासाठीच सांगते. (घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नावं आणि काही तपशील बदलले आहेत.)

अमोलची आई, सुनंदाकाकू, कराडजवळच्या जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. वय ६१. पोट फुगतंय म्हणून बरेच महिने अॅसिडिटीची औषधं झाली. शेवटी सोनोग्राफीत पोटात पाणी आणि गाठी दिसल्या. हाय ग्रेड सिरस, म्हणजे अंडाशयाच्या कॅन्सरचा सगळ्यात जास्त आढळणारा, झपाट्याने वाढणारा प्रकार. स्टेज तीन सी, म्हणजे पोटात पसरलेला. आधी तीन केमो, मग मोठं ऑपरेशन. त्यात डोळ्यांना दिसेल अशी गाठ मागे राहिली नव्हती. पुढच्या केमो चालू असताना अमोल माझ्याकडे एकटाच आला. काकू बाहेर बाकावर बसल्या होत्या.

त्याने पिशवीतून प्रिंटआउटचा गठ्ठा काढला. वर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट: पॅक्स८ पॉझिटिव्ह, डब्ल्यूटी१ पॉझिटिव्ह, पी५३ अॅबनॉर्मल, केआय-६७ (वाढीला लागलेल्या पेशींचं प्रमाण) सत्तर टक्के. चारही नावांखाली पिवळ्या मार्करची रेघ. खाली ग्राफ. बुडापेस्टच्या संशोधकांनी चालवलेली एक वेबसाइट आहे. तिथे जनुकाचं नाव टाकलं की ते जास्त असलेल्या पेशंटची लाल रेघ आणि कमी असलेल्यांची काळी रेघ समोर येते, कोण किती काळ जगलं हे दाखवणारी. अमोलने नावं एकेक करून टाकली होती. एका ग्राफात लाल रेघ काळीच्या बरीच खाली उतरली होती. त्यावर त्याने पेनाने गोल केला होता.

"आईकडे किती वेळ आहे तेवढं सांगा. आणि तिला यातलं काही कळू देऊ नका."

मी आधी रिपोर्ट हातात घेतला. बहुतेकांची गाडी इथेच घसरते. ही चार नावं भविष्य सांगायला लिहिलेलीच नसतात. पोटातली गाठ मुळात कुठून आली, अंडाशयातून, आतड्यातून की स्तनातून, हे ठरवायला पॅथॉलॉजिस्ट स्लाइडवर रंग टाकून काही प्रथिनं बघतात. पॅक्स८ आणि डब्ल्यूटी१ पॉझिटिव्ह आले की हा अंडाशय-गर्भनलिकेच्या बाजूचा सिरस कॅन्सर, हे निदान पक्कं व्हायला मदत होते. पी५३चं तर विचारूच नका. अमेरिकेतल्या कॅन्सर जीनोम अॅटलास या संशोधन प्रकल्पाच्या २०११ सालच्या अभ्यासात या प्रकारच्या ९६ टक्के गाठींमध्ये टीपी५३ हे जनुक बिघडलेलं सापडलं. जे जवळजवळ सगळ्याच बायकांमध्ये सारखं आहे, त्यावरून एकीचं पुढचं कसं सांगणार?

"मग ग्राफ चुकीचे आहेत का?" अमोलचा पुढचा प्रश्न.

चुकीचे नाहीत. आपल्या यकृतातल्या आणि डोळ्यातल्या पेशीत जनुकं तीच असतात, फरक असतो तो कुठलं जनुक किती जोरात चालू आहे याचा. गाठीतही तो मोजता येतो आणि त्याचा आयुर्मानाशी संबंध आहे. २०२० साली ३,७६९ बायकांच्या गाठींवर झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात १०१ जनुकांचा एकत्र हिशेब करून पाच गट पाडले होते. सगळ्यात चांगल्या गटात निम्म्या बायका साडेनऊ वर्षांच्या पुढे गेल्या, सगळ्यात वाईट गटात हाच आकडा २.३ वर्षं होता. फरक मोठा आहे, तो मी त्याच्यापासून लपवला नाही. पण तो एकशे एक जनुकांनी मिळून दाखवलेला फरक आहे. एकट्या-दुकट्या जनुकाच्या ग्राफला तो मान देता येत नाही. आपल्याकडे साधारण वीस हजार जनुकं आहेत. नेहमीची पाच टक्क्यांची कसोटी (निव्वळ योगायोगानेही शंभरात पाचदा दिसेल इतका फरक 'खरा' धरायची) लावली, तर कशाचा काही संबंध नसतानाही हजारेक जनुकं निव्वळ योगायोगाने 'महत्त्वाची' ठरतील. त्यात त्या वेबसाइटवर 'जास्त' आणि 'कमी' यांची सीमारेषा सर्वात ठळक फरक दिसेल अशी आपोआप निवडायची सोय आहे. अमोलने तोच पर्याय टिचकला होता. तो संगणकातला माणूस, हे ऐकताच गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे मी आधी बाण मारला आणि नंतर वर्तुळ काढलं."

शिवाय काकूंच्या गाठीतल्या जनुकांची चाल कुणी मोजलेलीच नव्हती. स्लाइडवर रंग दिसला, एवढंच. मोजली असती तरी तुकडा कुठून घेतला, त्यात कॅन्सरच्या पेशी किती आणि भोवतालच्या तंतूंच्या पेशी किती, केमोआधीचा की नंतरचा, यावर आकडे हलतात. म्हणूनच अशा तपासणीवरून नेहमीच्या उपचारात आज औषध ठरत नाही.

औषध ज्यांवरून ठरतं त्या बीआरसीए१ आणि बीआरसीए२ या दोन जनुकांबद्दल मी विचारलं. "बीआरसीए तपासणी झाली?"

"डॉक्टरांनी लिहून दिली होती. पण ते ब्रेस्टचं ना? आमच्याकडे कुणाला ब्रेस्ट कॅन्सर नाही, म्हणून राहिली."

मला या कामात सगळ्यात जास्त हळहळ कशाची वाटत असेल, तर याची. भविष्य सांगायला निरुपयोगी अशा चार नावांवर महिनाभर जागरण आणि खऱ्या उपयोगाची तपासणी फायलीत तशीच. या प्रकारच्या कॅन्सरमध्ये घराण्यात कुणाला असो-नसो, प्रत्येक बाईची बीआरसीए तपासणी करावी असाच सल्ला असतो. दोष वडिलांकडून आला असेल, घरात बायकाच कमी असतील, तर पिढ्यान्‌पिढ्या पत्ता लागत नाही. आणि इथे प्रश्न जनुक किती चालू आहे हा नाहीच, ते जन्मापासून बिघडलेलं आहे का हा आहे. म्हणून ही तपासणी साध्या रक्तावर होते.

'आईला कळू देऊ नका' हे मात्र मी मान्य केलं नाही. रक्त काकूंचं, संमती त्यांची. अमोलच्या होकारानेच त्यांना आत बोलावलं. बसता बसता त्या म्हणाल्या, "हा रात्री उठून काय छापतो ते माझ्याबद्दलच असणार. मला काय कळत नाही?"

त्यांना किती जाणून घ्यायचंय हे आधी विचारलं. आकडे ऐकायची त्यांची तयारी होती. निम्म्या बायका ज्याच्या अलीकडे आणि निम्म्या पलीकडे, असा तो आकडा असतो, एवढं मी सांगितलं आणि पुढचं त्यांनीच पूर्ण केलं. "सातवीच्या वर्गाचा निकाल काढायचे मी. वर्गाच्या आकड्यावरून एका पोराचे मार्क कधी सांगितले नाहीत." मग अमोलकडे वळून, "तू माझा पेपर तपासायला बसलायस होय रे?" अमोलला रडू आवरेना. बऱ्याच दिवसांचं साचलेलं होतं. आम्ही दोघींनी त्याला थांबवलं नाही.

त्यानंतरचं बोलणं कामाचं झालं. काकूंच्या बाजूने काय आहे ते मी मांडलं: ऑपरेशनमध्ये दिसणारी गाठ उरली नाही, केमोला आजार चांगला दबला. विरुद्ध बाजूला काय, तेही सांगितलं: स्टेज तीन सी, हा आजार परत डोकं वर काढण्याची शक्यता बरीच. काकूंनी ते शांतपणे ऐकलं आणि रक्त द्यायला तयार झाल्या.

काही आठवड्यांनी रिपोर्ट आला. बीआरसीए२मध्ये दोष.

अमोलचा चेहरा पुन्हा पडला, कारण 'दोष' हा शब्द. इथे मला सांगायला बरं वाटावं अशी माहिती आहे. या जनुकांमुळे पेशी तुटलेला डीएनए नीट जोडते. ती सोय नसल्याने कॅन्सरच्या पेशी प्लॅटिनम असलेल्या औषधांच्या केमोपुढे जास्त हतबल होतात. २०१२ साली अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. त्यात पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण दोष नसलेल्यांत ३६ टक्के, बीआरसीए१वाल्यांत ४४ आणि बीआरसीए२वाल्यांत ५२ टक्के होतं. आणि आता केमोनंतर घ्यायच्या ओलापॅरिबसारख्या गोळ्या आहेत. बीआरसीए दोष असलेल्या पेशंटवर झालेल्या सोलो-१ चाचणीत सात वर्षांनी ओलापॅरिब गटातल्या ६७ टक्के, तर औषध नसलेली गोळी दिलेल्या गटातल्या ४६.५ टक्के बायका हयात होत्या. गोळ्या महाग आहेत, हिमोग्लोबिन उतरतं, थकवा येतो. तेही त्याच दिवशी बोललो.

"ताईला कळवतो," अमोल म्हणाला. नाशिकची बहीण, वय ३८.

"तुम्हीही तपासून घ्या," मी म्हटलं. हा दोष मुलाकडेही निम्म्या शक्यतेने जातो. बीआरसीए२मध्ये पुरुषांना प्रोस्टेटचा, स्वादुपिंडाचा आणि कधी कधी स्तनाचाही कॅन्सर होण्याची शक्यता वाढते. आपण आईच्या रिपोर्टवर बोलतोय असं समजून आलेल्या मुलांना हे अनपेक्षित असतं. त्याने लगेच सहा वर्षांच्या मुलीचं विचारलं. तिचं आत्ता काही करायचं नाही. मोठी होऊन तिने स्वतः ठरवायचं, आणि तेही अमोलकडे दोष निघाला तरच.

अमोलचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, बहिणीचा पॉझिटिव्ह. तिने पहिल्याच भेटीत विचारलं, अंडाशय आत्ताच काढून टाकू का? बीआरसीए२मध्ये ते ऑपरेशन साधारण चाळीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान, मुलं झाल्यावर सुचवतात. तिला दुसरं मूल हवं आहे. सध्या तिची स्तनांची एमआरआय तपासणी सुरू झाली आहे, आणि ऑपरेशन कधी हे ती नवऱ्याबरोबर आणि स्त्रीरोग-कॅन्सरतज्ज्ञांबरोबर बसून ठरवते आहे. काकूंच्या गोळ्या चालू आहेत. मध्ये हिमोग्लोबिन घसरलं म्हणून डोस कमी केला. तपासणीला येताना फाईल आता त्या स्वतः आणतात.