‘त्यांना ताप आलाय’ हा फोन आता कोण करणार?

ताई,
माझे मिस्टर सातपूर एमआयडीसीत एका व्हेंडर कंपनीत पॉवर प्रेसवर ऑपरेटर आहेत, एकोणीस वर्षं झाली. आधी शनिवारी घ्यायचे, मग पगाराच्या दिवशी, करोनानंतर रोज. क्वार्टर आणि वर नाइंटी. मारझोड नाही, शिवीगाळ नाही, येऊन झोपतात. सकाळी हात थरथरतात म्हणून अलीकडे सातच्या पाळीला जायच्या आधी उतारा म्हणून थोडी दारू घेतात. ज्या दिवशी उठवतच नाही, त्या दिवशी मी सुपरवायझरना फोन करून ताप आलाय म्हणून सांगते. माझे डबे असतात, सकाळी हात रिकामा नसतो, तेव्हा मुलगा फोन करतो.
मुलगा सोळाचा, अकरावी सायन्सला. डोळे लाल असायचे, मोबाइलमुळे असेल म्हणून मीच त्याला ड्रॉप आणून देत होते. गेल्या आठवड्यात त्याच्या सॅकमध्ये सिगारेट वळायचे कागद आणि पुडीत हिरवट वाळका पाला सापडला. विचारलं तर म्हणाला, ‘आधी बाबांना विचार, मग मला विचार.’ मला पुढे बोलताच आलं नाही.
सासूबाईंनी गावाकडून दारू सुटायची पावडर आणलीय, भाजीत कालवून द्यायची म्हणतात. कंपनीने मला भेटायला बोलावलंय. आधी कोणाला सावरू? मुलाला मामाकडे पाठवू का? कंपनीत खरं सांगितलं तर नोकरी जाईल ना?
– एक आई, नाशिक

ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच वाक्यावर अडखळले. तुम्ही ते जाता जाता लिहून गेलात. ‘सकाळी हात रिकामा नसतो, तेव्हा मुलगा फोन करतो.’

पहिल्यांदा केला तेव्हा तो केवढा होता हो? तेराचा? चौदाचा? मला तो गॅलरीत उभा दिसतो. शाळेचा शर्ट घातलाय, आवाज जरा खाली आणलाय, ‘सर, पप्पांना रात्रीपासून ताप आहे.’ आणि पलीकडून सुपरवायझर ‘बरं बरं’ म्हणतात, कारण त्यांनाही ठाऊक असतं. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट न बोलता कशी निभवायची, हे तो पोरगा दोन-तीन वर्षं तुमच्या घरी शिकतोय. मग लाल डोळ्यांना मोबाइलचं कारण त्याला सुचलं यात नवल काय? तुम्ही सुपरवायझरना ताप सांगता, तो तुम्हाला मोबाइल सांगतो.

लागलं असेल तर माफ करा, पण टोमणा म्हणून म्हणत नाही. मी स्वतः कारखान्यांत बावीस वर्षं कामगार कल्याण अधिकारी म्हणून काढली आणि असे शेकडो फोन घेतले. ताप, जुलाब, मामेसासऱ्यांचं दहावं. एका कामगाराचे मामेसासरे माझ्या वहीत तीनदा वारले होते. मी हसून रजा मांडायचे आणि त्याला सांभाळून घेतलं असं मला वाटायचं. पुढे त्याची उजव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली. ती रजेची वही मी अजून ठेवलीय.

म्हणून आधी कोणाला, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर आहे, आधी तो फोन. उद्यापासून तुम्ही करायचा नाही, मुलाने तर नाहीच. मिस्टर उठले नाहीत तर कंपनीचा फोन येईल. तो त्यांच्या उशाशी ठेवा आणि डब्याच्या पोळ्या लाटा. उचलायचा की नाही ते त्यांनी ठरवावं. पहिल्या दिवशी ते चिडतील, ‘तुला माझी नोकरी घालवायची आहे’ म्हणतील. ऐकून घ्या. नोकरी कोण घालवतंय यावर वाद घालू नका, विशेषतः रात्री नऊनंतर.

आता नोकरीचं. पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून आकार देणारं यंत्र, तुम्ही पाहिलंय की नाही, माहीत नाही. धड असलेल्या प्रेसला दोन बटणं असतात आणि दोन्ही हातांनी दोन्ही दाबल्याशिवाय तो खाली येत नाही. म्हणजे त्या क्षणी हात डायच्या, म्हणजे साच्याच्या, बाहेरच असतात. पण पीस-रेटची घाई असते, टार्गेट असतं, म्हणून काही पठ्ठे एका बटणात पाचर ठोकतात किंवा चिकटपट्टी गुंडाळतात आणि एका हाताने पीस सरकवत दुसऱ्याने ठोकत राहतात. शुद्धीतल्या माणसाचीही यात बोटं जातात. तुमचे मिस्टर तर उतारा घेऊन उभे असतात.

आणि उतारा नाही घेतला तरी हिशेब करून बघा. 180 मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. आपलं लिव्हर तासाला सात-आठ ग्रॅमच्या वेगाने ते निपटतं. म्हणजे एका क्वार्टरला आठ तास, वर नाइंटी असेल तर बारा. रात्री अकराला शेवटचा घोट घेतलेल्या माणसाच्या रक्तात सकाळी सात वाजता दारू शिल्लक असते. झोपेने, लिंबूपाण्याने, गार पाण्याच्या आंघोळीने हा वेग वाढत नाही. गाडी चालवायला 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. ते मोटारसायकलने कामाला जात असतील, तर ‘रात्री उतरली’ असं समजून निघतानाही ती ओलांडलेली असू शकते.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेक बायकांना अपघातानंतर कळते. कामावर अपघात झाला की भरपाई मिळते, पण कामगार नशेत होता म्हणून अपघात झाला असं सिद्ध झालं, तर मालकाची ती जबाबदारी टळू शकते. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर गोष्ट वेगळी. हे कायद्यातच आहे. म्हणजे दोन बोटं गेली, तर बोटंही गेली आणि पैसेही.

तेव्हा कंपनीने बोलावलंय ते बरंच झालं, जा. काढायचंच असतं तर दारू पिऊन कामावर येणं हे नियमांत गैरवर्तनच आहे. चार्जशीट थेट त्यांच्या हातात पडली असती, घरच्यांना बोलावायचा खटाटोप कशाला केला असता? एकोणीस वर्षं प्रेसवर हात बसलेला ऑपरेटर कंपनीलाही सहज मिळत नाही. म्हणून काढणारच नाहीत असं नाही, पण बोलायला जागा आहे. तिथे जाऊन रडू नका आणि ‘पुन्हा होणार नाही’ असं त्यांच्या वतीने लिहून तर मुळीच देऊ नका. सरळ म्हणा, ‘साहेब, यांना दारूचा आजार आहे. आम्हाला उपचाराला न्यायचंय, त्यासाठी रजा हवी. तोवर आणि परतल्यावर डॉक्टर सांगेपर्यंत यांना प्रेसवर उभं करू नका, दुसरं काम द्या.’ ते कामगार विम्याच्या (ईएसआय) कक्षेत असतील, तर सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात खरं कारण सांगा. डॉक्टरांचं सर्टिफिकेट असेल तर आजारपणाच्या दिवसांचे पगाराच्या 70 टक्के पैसे वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळू शकतात. तुमच्या तापाच्या रजा बहुधा बिनपगारीच गेल्या असतील, हो ना?

आता माझी एक कळकळीची विनंती. खोलीत कोंडून, शपथ घालून, पैसे काढून घेऊन त्यांची दारू एका दिवसात बंद करू नका. सकाळी हात थरथरणं आणि उताऱ्याने ते थांबणं, याचा अर्थ शरीर आता दारूवर चालतंय. असा माणूस एकदम थांबला तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन-तीन दिवसांनी काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, माणसं ओळखू येत नाहीत आणि त्यात जीवही जातो. गावाकडे याला ‘बाहेरचं झालं’ म्हणतात आणि अंगारा लावत बसतात. पहिले काही दिवस औषधं देऊन, डॉक्टरांच्या नजरेखालीच दारू सोडवायची असते.

आणि ती पावडर. सासूबाईंना मुलाची काळजी आहे, त्यांच्यावर चिडू नका, पण पुडी तुमच्या ताब्यात घ्या. त्यात काय आहे ते देणाऱ्यालाही सांगता येत नाही. काही पुड्यांत काहीच नसतं, काहींत डायसल्फिराम असू शकतं. ते खरं औषध आहे आणि त्याचा जन्म एका अर्थी कारखान्यातच झाला. रबर पक्कं करण्यासाठी याच जातीची रसायनं वापरतात. ती हाताळणाऱ्या कामगारांना दारू सोसेनाशी होते, हे अमेरिकेतल्या एका कारखान्याच्या डॉक्टरांनी 1937 साली नोंदवलं होतं. पुढे डेन्मार्कमध्ये त्याचं औषध झालं. हे घेतलेल्या माणसाने वर दारू प्यायली की तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. माणसाला माहीत असेल तर तो पिणार नाही. माहीत नसेल तर तो नेहमीसारखी क्वार्टर घेणार आणि तुमच्या भाजीने त्याला आयसीयूत पोचवणार. म्हणून डॉक्टर हे औषध रुग्णाच्या संमतीशिवाय देत नाहीत.

उपचारांसाठी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, 1986 पासून. तिथे साधारण पाच आठवडे राहावं लागतं आणि घरच्यांशीही बोलतात. एवढं लांब जायचं नसेल तर नाशिकमधल्या मानसोपचारतज्ज्ञापासून सुरुवात करा. 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी मोफत फोन आहे, कुठे जावं ते सांगतात. मिस्टर ‘मी काय दारूडा आहे का’ म्हणतील. केंद्र सरकारच्या 2019 मध्ये आलेल्या पाहणीप्रमाणे या देशात दारूमुळे मदतीची गरज असलेली माणसं पावणेसहा कोटींच्या आसपास आहेत. त्यातले किती जण गटारात पडलेले असतात? बाकीचे तुमच्या मिस्टरांसारखेच. डबा घेऊन जातात, येतात, झोपतात.

आता तुमचा लेक. त्याच्याविषयी मी शेवटी लिहितेय, पण बोलायचं मात्र त्याच्याशी आधी. याच आठवड्यात.

मामाकडे पाठवू नका. व्यसन बापाचं आणि घराबाहेर मुलगा, असा त्याचा अर्थ तो काढेल आणि तो चुकीचा नसेल. पुडीतला तो पाला म्हणजे बहुधा गांजा आणि तो मामाच्या गावातही मिळतो. मारू नका, पोलिसांची भीती घालू नका. गांजा बाळगणं गुन्हा आहे हे खरं, थोडासा असला तरी. पण समुपदेशकाकडे नेलं म्हणजे पोलिसांकडे नेलं असं होत नाही. अमली पदार्थांच्या (एनडीपीएस) कायद्यातसुद्धा स्वतःहून उपचाराला जाणाऱ्याला थोड्या मालाच्या खटल्यातून सूट देणारं कलम आहे. मेडिकलमधून लघवी तपासायचं किट आणून त्याला पकडायच्या भानगडीतही पडू नका, तुम्हाला सापडलंय तेवढं पुरेसं आहे.

पुडी सापडली म्हणजे पोरगा वाया गेला असंही नाही. तीन-चारदा ओढणारे बरेच असतात. मला पाहायचंय ते वेगळं. एकटा असताना ओढतो का? सकाळी ओढतो का? पैसे कुठून आणतो? अभ्यास, खेळ, जुने मित्र सुटलेत का? सोळाव्या वर्षी मेंदू अजून घडत असतो आणि या वयात रोज गांजा ओढणाऱ्या काही मुलांना पुढे गंभीर मानसिक आजार होतो. उगाच संशय घेऊ लागला, कुणी आपल्याबद्दल बोलतंय, आवाज येतात असं म्हणाला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, वाट पाहू नका. तसं काही नसेल तर 14416 वर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. शक्य असेल तर तो नंबर त्यालाच द्या, त्याला तुमच्याशिवाय कुणाशी तरी बोलायला बरं वाटेल.

त्याने तुम्हाला दिलेलं उत्तर उद्धट होतं, कबूल. पण त्यात एक गोष्ट खरी होती आणि ती त्याने या घरात पहिल्यांदा मोठ्याने म्हटली. त्यामुळे तुम्ही गप्प झालात ते समजू शकते. आता उत्तर द्या. डबे गेल्यावर, मिस्टर कामावर असताना, साडेदहा-अकराला, तो क्लासला निघायच्या आत. चहा टाका. पुडी टेबलावर मांडून पंचनामा करू नका.

एवढंच म्हणा, ‘तू म्हणालास तसं बाबांना विचारलंय, त्यांना डॉक्टरकडे नेतेय. ते माझं आणि बाबांचं काम, तू त्यात पडायचं नाहीस. तो तापाचा फोन तुला करायला लावला, ती माझी चूक. आजपासून तू तो करायचा नाहीस, मीही करणार नाही. आता तुझं सांग.’

तो लगेच सांगेल असं नाही. बहुधा ‘काही नाही’ म्हणून सॅक उचलेल. जाऊ द्या. पुन्हा ड्रॉप मागितला तर मात्र आणून देऊ नका.