नाणं घेण्याआधी त्याचं गाव विचार

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो नीट पाहिले. आधी तातडीचं सांगतो. तो विक्रेता दाखवतोय तो सोन्याचा शिवराई होन, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं सोन्याचं नाणं, घेऊ नकोस, आणि विसार दिला नसशील तर तोही देऊ नकोस. शिवराई होन वजनाला पावणेतीन ग्रॅमच्या आसपासचा, आणि खरे म्हणून मान्य झालेले नग फारच थोडे. फोटोत अक्षरांच्या कडा वितळल्या मेणासारख्या गोल दिसतात आणि काठावर बारीक शिवण आहे. साच्यात ओतलेल्या नाण्याची ही खूण. जुनं नाणं दोन ठशांमध्ये धातूची चकती धरून हातोड्यानं पाडायचे. त्यात अक्षराची कड उभी राहते. वर झिजली तरी बुडाशी ठाम असते.

त्याच विक्रेत्याकडचे ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाचे, राम-सीता नाहीतर हनुमान असलेले, १८१८ साल घातलेले तांब्याचे 'अर्धा आणा'ही तसेच सोडून दे. कंपनीनं असली नाणी कधी पाडलीच नाहीत. तिच्या १८३५ च्या अर्ध्या आण्यावर देव नव्हते.

आता तुझ्याकडच्या तांब्याच्या शिवराई नाण्यांकडे येतो, कारण खरा माल तिथं आहे. काही शे रुपयांत मिळतात म्हणून त्यांना कमी लेखू नकोस. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', एवढाच मजकूर. पण शिव, सिव, शीव, पति, पती असे किती फरक! राज्याभिषेकापासून, म्हणजे १६७४ पासून पुढं दीडशे वर्षांहून जास्त काळ ही नाणी कुठं ना कुठं पडत राहिली आणि ठसे कोरणारे हात बदलत गेले. भिंगाखाली धर. ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, म्हणून एका नाण्यावर 'राजा' पुरता उतरतो आणि 'श्री' काठाबाहेर जातो. भोवतालच्या ठिपक्यांच्या कड्यातले चार-सहाच ठिपके हाती लागतात. तुझ्या तिसऱ्या फोटोत 'छत्र' आणि 'पति' यांच्या मधे दोन समांतर रेघा आहेत. ती दुदांडी, पेशवाईच्या काळातली. सुरुवातीच्या शिवराईपेक्षा ती हलकी भरते, म्हणून ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा आधी घे. नाणी नंतर.

आपल्या बेळगाव-कोल्हापूरच्या भागात संग्रह करायचा तर एक गोष्ट मनात पक्की ठेव. इथल्या नाण्यांना आजची राज्यांची हद्द ठाऊक नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं हलशी आधी बनवासीच्या आणि पुढं गोव्याच्या कदंब राजांची दुय्यम राजधानी. गोव्याच्या कदंबांच्या गद्याण नावाच्या सोन्याच्या नाण्यावर सिंह असतो आणि त्यांच्या कुलदैवताच्या, सप्तकोटीश्वराच्या, वरप्रसादाचा नागरी लेख असतो. विजयनगरच्या कृष्णदेवरायाच्या होनावर 'श्री प्रताप कृष्णराय' हेही नागरीतच. उलट मराठ्यांच्या टांकसाळीतल्या चांदीच्या रुपयावर फारसी मजकूर आणि दिल्लीच्या बादशहाचं नाव. टांकसाळ ओळखायची ती अंकुशासारख्या खुणेवरून. मोगलांच्या कारकिर्दीत बेळगावचं नाव आझमनगर होतं, आणि 'आझमनगर गोकाक' अशा टांकसाळीचे रुपये आहेत. विजापूरच्या आदिलशाहीचं लारी नावाचं नाणं तर चांदीची तार मधोमध दुमडून तिच्यावर ठसा मारलेली. हे सगळं इथल्या एकाच आठवडी बाजारात फिरलेलं असू शकतं. तुला कन्नड आणि मराठी दोन्ही वाचता येतं, हे मोठं भांडवल आहे. त्यात फारसी अंक आणि टांकसाळींची नावं ओळखण्यापुरती लिपी घाल. बादशहाचं जुलूस वर्ष, म्हणजे तो गादीवर आल्यापासूनचं वर्ष, वाचता यायला लागलं की सराफाच्या वाटीतला झिजका रुपयासुद्धा बोलायला लागतो.

म्हणून प्रत्येक नाण्याबरोबर ते कुठून आलं हे लिहून ठेव. माझं सगळं सांगणं याच्याभोवती आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत, बेळगावलगतच्या वडगाव-माधवपुरात उत्खननं झाली आणि सातवाहनकाळातल्या वस्त्या उजेडात आल्या. जमिनीच्या कुठल्या थरात काय मिळालं याची तिथं नोंद होते, म्हणून त्या नाण्यांवरून काळ ठरवता येतो. बाजारातल्या नाण्याची ती नोंद आधीच पुसलेली असते. तरीही विकणाऱ्याला विचार: कुठल्या गावचं, घरातलं की शेतातलं, सोबत आणखी काय होतं. खरं सांगेलच असं नाही. पण जे सांगेल ते तारखेसकट वहीत उतरव आणि सांगणाऱ्याचा शब्द म्हणूनच उतरव. एका मडक्यातली नाणी पाच घरांत वाटली गेली आणि त्यातली तीन घरांची मोडीत गेली, की त्या गावाचा एक पुरावाच संपला. याचं मला फार वाईट वाटतं.

ओली माती चिकटलेली नाणी कुणी आणली तर हात लावू नकोस. पुरलेलं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, १८७८ पासून तसा कायदा आहे. किल्ल्यावर, देवळाच्या आवारात यंत्र घेऊन शोधत फिरणाऱ्यांची संगतही नको. शंभर वर्षांवरचं नाणं परदेशी पाठवणं १९७२ च्या कायद्यानं बंद आहे, कुणी कितीही रक्कम देऊ करो.

घासूपुसू मात्र अजिबात नको. चिंच, लिंबू, पितांबरी, काहीच नको. तांब्यावरचा तो गडद थर शेकडो वर्षांत बसलेला असतो. एका रविवारी तो काढलास तर परत येत नाही. माती फारच असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेव आणि मऊ सुती कापडावर टिपून घे. प्लास्टिकच्या मऊ पाकिटांत तांबं हिरवं पडतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर लवकरच. पुठ्ठ्याचे होल्डर घे, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक.

तुझ्या आजीच्या पुतळ्यांच्या माळेबद्दल विचारलं होतंस. मूळ पुतळी म्हणजे व्हेनिसचं सोन्याचं नाणं. पुढं त्याच्या नकला इथल्याच सोनारांनी घडवल्या. कडी काढू नकोस, माळ तोडू नकोस. आजीला विचारून दोन्ही बाजूंचे फोटो घे, वजन कर आणि माळ तिच्या गळ्यात परत घाल. लक्ष्मीपूजनात हळदकुंकू लागलेलं नाणं तर कुणाच्याही घरातून विकत मागू नये.

दुदांडीचं वजन आणि दुकानदारानं सांगितलेलं गाव, दोन्ही कळव. फोटो परत काढशील तेव्हा दिवा एका बाजूनं धर आणि शेजारी मोजपट्टी ठेव.

तुझा,
काका