हौशी बुद्धिबळपटू जगज्जेत्याविरुद्ध एखादा तरी डाव जिंकू शकेल का?

तुम्ही विचारलंय की रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा, 1600च्या आसपास आहे, रोज दोन तास सराव होतो, तर जगज्जेत्याशी शंभर डाव खेळायला मिळाले तर त्यातला एक तरी जिंकता येईल का.

समोरासमोर बसून, घड्याळ लावून, तो मन लावून खेळत असेल तर नाही. शंभरात नाहीच, हजारातही नाही. पण हे ‘नाही’ नेमकं कशामुळे, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. ‘तो वीस खेळ्या पुढचं बघतो’ हे जे कारण सर्रास दिलं जातं, ते मला आजही पटत नाही.

माझंही रेटिंग तुमच्याच आसपासचं. एकदा एका ग्रँडमास्टरविरुद्ध सिमलमध्ये बसायला मिळालं. सिमल म्हणजे तो एकटा, समोर ओळीनं मांडलेले पट, आमच्या वेळी चोवीस. तो एका पटावरून दुसऱ्या पटावर फिरत राहतो आणि तो तुमच्यासमोर आला की तुम्ही खेळी करायची. तो जगज्जेता नव्हता, त्याच्या जवळपासचाही नव्हता. मी काळ्या मोहऱ्यांनी कारो-कान ही सुरुवात खेळलो. सतराव्या-अठराव्या खेळीला त्याच्याकडून एक प्यादं सुटलं. मी चार वेळा तपासून ते घेतलं. त्यानं पटाकडे दोन सेकंद पाहिलं, मान हलवली आणि पुढे गेला.

त्यानंतर वजीर गेले, घोडे गेले, उंट गेले. फक्त हत्ती, राजे आणि प्यादी उरलेल्या शेवटच्या टप्प्यात, म्हणजे हत्तीच्या एंडगेममध्ये, माझं एक प्यादं जास्त, तेही कडेचं आणि वाट मोकळी असलेलं. इथे सिमलमधली एक गोष्ट आड आली, जी बाहेरून बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. सुरुवातीला तो फेरी मारून परत येईपर्यंत पाच-सहा मिनिटं मिळतात. डाव संपत जातात तसा तो लवकर लवकर येतो. शेवटी आम्ही तिघंच उरलो होतो आणि तो दर वीस सेकंदांनी समोर उभा. डावातला सगळ्यात अवघड भाग, आणि विचाराला वेळ सगळ्यात कमी.

ते प्यादं वाचवायला मी हत्ती त्याच्या पुढच्या घरात नेला. त्याचा हत्ती शांतपणे माझ्या प्याद्याच्या मागे येऊन उभा राहिला. आता माझा हत्ती हलला की प्यादं जाणार, म्हणून तो हलेचना. मग त्याचा राजा घर-घर करत पटाच्या दुसऱ्या बाजूला चालत गेला आणि तिथली माझी प्यादी एकेक करून उचलू लागला. अठ्ठावन्नाव्या खेळीला मी डाव सोडला. एकही खेळी अशी नव्हती की जिच्याकडे बोट दाखवून म्हणावं, इथे तो अचाट खेळला.

मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. आपण हरतो ते त्याच्या एखाद्या जबरदस्त बलिदानानं नाही. तो दर खेळीला एक प्रश्न विचारतो, साधाच, आणि प्रत्येकाचं पुरेसं बरोबर उत्तर आपल्याला द्यावं लागतं, चाळीस-पन्नास वेळा, न चुकता. समजा तुम्ही दहापैकी नऊ वेळा बरोबर खेळता. हौशी खेळाडूसाठी हे उत्तमच. तरीही सलग चाळीस खेळ्या बरोबर येण्याची शक्यता दीड टक्का भरते. आणि हा हिशोब फक्त तगून राहण्याचा झाला. जिंकायचं तर त्यानं चुकायला हवं, ती चूक आपल्याला दिसायला हवी, आणि हाती आलेला डाव शेवटपर्यंत न्यायलाही हवा. मी या शेवटच्या पायरीवर घसरलो.

माझ्या त्या ग्रँडमास्टरला राजा कुठे न्यायचा हे शोधावं लागलं नव्हतं, ते त्याला दिसलंच. चेस आणि सायमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1973मध्ये यावर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. खऱ्या डावातली स्थिती काही सेकंद दाखवून झाकली, की मास्टर दर्जाचा खेळाडू ती नवशिक्यापेक्षा कितीतरी जास्त अचूक मांडून दाखवायचा. पण मोहरे कसेही विखरून ठेवले, की त्याची ती आघाडी जवळजवळ संपायची. म्हणजे फरक स्मरणशक्तीचा नव्हे. तो मोहरे सुटे बघत नाही, ओळखीचे पुंजके बघतो. आपण अक्षरं जुळवत वाचत असतो आणि तो शब्द वाचून पुढे गेलेला असतो.

आकड्यांत सांगायचं तर माजी जगज्जेता मॅग्नस कार्लसनचं सर्वोच्च रेटिंग 2882, मे 2014मधलं. 1600शी तुलना केली तर फरक 1282. रेटिंगच्या फरकावरून अपेक्षित गुण काढणाऱ्या इलो सूत्रात घातलं की साधारण सोळाशे डावांत एक गुण येतो, आणि तोही दोन बरोबऱ्या मिळून होऊ शकतो. इतक्या मोठ्या फरकाला हे सूत्र फार ताणलं जातं, त्यामुळे हा आकडा अंदाजापुरताच घ्या. फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या कोष्टकात तर फरक 735च्या पुढे गेला की कमी रेटिंगवाल्याचा अपेक्षित गुण सरळ 0.00 लिहिलेला आहे.

‘पण जगज्जेतेही चुकतात की!’ चुकतात, आणि कसे! 2006मध्ये बॉन इथे डीप फ्रिट्झ या संगणकाविरुद्ध खेळताना व्लादिमिर क्रामनिकला एका खेळीतली मात दिसली नाही. तो तेव्हा विद्यमान जगज्जेता होता. 2024मध्ये सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या चौदाव्या, म्हणजे शेवटच्या डावात तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेननं बरोबरीकडे चाललेल्या स्थितीत हत्ती चुकीच्या घरात नेला आणि 18 वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला. पण डिंगची ती चूक पंचावन्नाव्या खेळीला झाली, कित्येक तासांच्या दडपणानंतर. ते दडपण गुकेशनं आणलं होतं, स्थिती कोरडी वाटत असतानाही खेळत राहून. आपण ते दडपण आणणार कुठून? आपला डाव तोवर केव्हाच संपलेला असतो. बिल गेट्सला 2014मध्ये कार्लसननं नऊ खेळ्यांत मात दिली. गेट्सकडे दोन मिनिटं होती आणि कार्लसनकडे तीस सेकंद.

मुद्दाम तयारी करून? तेही झालंय. 2017मध्ये एका अमेरिकन तरुणानं महिनाभर तयारी करून हॅम्बुर्गला कार्लसनविरुद्ध डाव खेळला. पटावरची स्थिती चांगली की वाईट हे डोक्यातल्या डोक्यात मोजता यावं असं गणित तो संगणकाकडून बनवून घेणार होता, पण ते वेळेत पुरं झालं नाही. सुरुवात त्यानं बरी केली, आणि 39 खेळ्यांत हरला. मला त्याच्या जिद्दीचं कौतुक आहे. पण पुंजके ओळखायला शिकणं महिन्यात होत नाही.

आता दुसरी बाजू. माझ्या मते खरी फट सिमलमध्येच आहे, कारण तिथे त्याचं लक्ष वाटलं जातं. 1925मध्ये लेनिनग्राडला 14 वर्षांच्या मिखाइल बॉटविनिकनं विद्यमान जगज्जेत्या कापाब्लांकाला सिमलमध्ये हरवलं. अर्थात हा मुलगा पुढे 1948मध्ये स्वतः जगज्जेता झाला, त्यामुळे त्याला हौशी म्हणणं कठीण. आणि याच कापाब्लांकानं 1922मध्ये क्लीव्हलंडला 103 पटांवर 102 डाव जिंकले होते, एक बरोबरीत सुटला. फट आहे, पण एवढीच.

‘हौशी’चा अर्थ ‘बुद्धिबळावर पोट नसलेला’ असा घेतला, तर मात्र उत्तर उलटं होतं. मॅक्स यूवे गणिताचा शिक्षक होता आणि 1935मध्ये त्यानं तेव्हाचा जगज्जेता अलेखिनला 15½–14½ असं हरवून जगज्जेतेपदच मिळवलं. मीर सुलतान खान तर सर उमर हयात खान यांच्या पदरी नोकर होता. हेस्टिंग्जच्या 1930-31च्या स्पर्धेत त्यानं कापाब्लांकाला हरवलं. कापाब्लांका तेव्हा माजी जगज्जेता होता, तरी केवढी मोठी गोष्ट! फिडेनं 2024मध्ये सुलतान खानला मानद ग्रँडमास्टर किताब दिला. मला हे दोघं फार जवळचे वाटतात, पण ते आपल्यासारखे नव्हते हेही खरं. त्यांचा पेशा वेगळा होता, खेळ पहिल्या दर्जाचा होता.

आणि सगळे हौशी एकत्र आले तर? 1999मध्ये तेव्हाचा जगज्जेता कास्पारोवविरुद्ध इंटरनेटवर 50,000हून जास्त लोक मतदान करून खेळ्या ठरवत होते. चार महिने झुंज चालली, 62 खेळ्यांनंतर कास्पारोव जिंकला. 2025मध्ये कार्लसनविरुद्ध 1,43,000हून जास्त लोक उतरले, मागच्या ओळीतले मोहरे वेगळ्या क्रमानं मांडलेल्या फ्रीस्टाइल डावात, आणि तो डाव बरोबरीत सुटला. हौशींच्या बाजूनं मला ठाऊक असलेला हा सगळ्यात मोठा निकाल.

म्हणून शंभर डावांचा विचार सोडा आणि सिमलमध्ये जागा मिळतेय का ते बघा. मिळाली तर वजीर लवकर बदलून ‘साधं’ खेळू नका. मी तेच केलं, आणि साध्या स्थितीतच तो आपल्यापेक्षा सगळ्यात जास्त पुढे असतो. मोहरे पटावर राहू द्या, गुंतागुंत वाढवा, म्हणजे तुमच्या पटाशी त्याला थांबून विचार करावा लागेल. पास म्हणायची, म्हणजे तो समोर आला तरी खेळी पुढच्या फेरीवर ढकलायची, मुभा असेल तर ती शेवटच्या तीन-चार पटांसाठी राखून ठेवा. आणि डाव सोडल्यावर त्याला एकच विचारा, ‘डाव कुठे गेला?’ मी विचारलं होतं. दमलेला होता, तरी त्यानं माझा हत्ती उचलून कडेचं प्यादं सोडून दिलं, हत्ती त्याच्या प्याद्यांच्या मागे नेऊन ठेवला आणि म्हणाला, “हे प्यादं देऊन टाकायचं होतं. मग मी काय केलं असतं?”

घरी येऊन मी ती स्थिती मांडली. बरोबरी होती.